काका चहा अर्धा टाकून उठले

आज दुपारी काका चहा अर्धा टाकून उठले आणि निघून गेले. चपला घालताना भिंतीला धरून उभे होते, गुडघे दुखतात त्यांचे. मी हात पुढे केला, तो धरला नाही. बाबा जागचे हलले नाहीत. टीव्ही चालूच होता.

काका सख्खे नव्हेत. नौपाड्यात आमच्या चाळीत समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. आता घोडबंदर रोडला मुलाकडे असतात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या ट्रॅफिकमधून, बसने, भेटायला आले होते. येताना चिकू आणले होते. आणि पाऊण तासात भांडण.

कशावरून? बाबांच्या चॅनेलवर जे चाललं होतं ते काकांच्या चॅनेलवर दाखवतच नाहीत, आणि काकांच्या चॅनेलवर महिनाभर जे चाललंय त्याचा बाबांना पत्ता नाही. दोघं एकमेकांना "तू खोटं बोलतोस" म्हणत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते हो. जे कानावर घातलं जातं तेच सांगत होते.

मला १९९८ चा फेब्रुवारी आठवला. माझी दहावी, म्हणून घरची केबल काढून टाकलेली. उरलं फक्त दूरदर्शन. लोकसभेची निवडणूक होती आणि पक्षांची भाषणं लागायची. कुणाचं कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, म्हणजे आपल्या माणसाची वाट बघत बसलं की नको त्याचंही ऐकावं लागायचं. काका रोज आमच्याकडे येऊन बसायचे. बाबांना न पटणारा पक्ष आला की बाबा अडकित्त्याने सुपारी कातरत राहायचे, पण ऐकायचे. काकांना न पटणारा आला की काका चष्मा पुसत बसायचे, तेही ऐकायचे. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नव्हतं. संपलं की मग दोघांची जुंपायची. आई आतून ओरडायची, "पोरीची दहावी आहे!" की दोघं गॅलरीत जाऊन भांडायचे. पण भांडण असायचं ते समोरचा काय म्हणाला त्यावर. तो तसं म्हणालाच नाही, असं कुणी म्हणूच शकत नव्हतं, दोघांनी एकाच टीव्हीवर ऐकलेलं असायचं.

म्हणून आज लिहितेच. बातम्यांच्या चॅनेलना विरोधी बाजू दाखवायची सक्ती करा. कायद्याने करा.

आणि डिबेटचं नाव काढू नका माझ्यासमोर. आठ खिडक्यांत आठ तोंडं, आणि एकजण मुद्द्यावर आला की अँकरचा आवाज चढतो. याला विरोधी मत देणं म्हणत नाहीत. विरोधकाला एकट्याला कॅमेऱ्यासमोर बसवा, पंधरा मिनिटं द्या, मध्ये कुणी बोलायचं नाही. एवढंच मागतेय मी.

लगेच कुणीतरी स्वातंत्र्य काढेल. कुणाचं? सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाच्या वादातून आलेला निकाल, आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. सरकारची मक्तेदारी नको, हे तर त्यात आहेच, पण खासगी मक्तेदारीही तितकीच वाईट, हेही आहे. ते कुणी वाचत नाही. आणि सक्ती काय आज जन्मली? २०२२ च्या नियमांत चॅनेलना रोज ३० मिनिटं लोकहिताचे कार्यक्रम दाखवायला सांगितलंय. शेती, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण. ते चालतं. मग माझ्या मताविरुद्धचं मत मला ऐकू येणं हे लोकहित नाही?

सरकारच्या हातात दिलं तर विरोधक कोण हे सरकारच ठरवेल, हे मान्य. आणीबाणीतली आकाशवाणी बाबांनी ऐकलीय. पण मंत्रालयाकडे द्या असं म्हणतंय कोण? निवडणुकीत आयोगाच्या देखरेखीखाली वेळ वाटतातच ना, मागच्या मतांच्या हिशोबाने, चिठ्ठ्या टाकून. २००३ मध्ये त्यासाठी कायद्यात कलमही घातलं, त्यात केबलचं नाव आहे. प्रत्यक्षात वेळ मिळतो तो आकाशवाणी-दूरदर्शनवरच. कलम आहे तर वापरा! आणि निवडणुकीपुरतं कशाला, एरवीही वापरा.

अमेरिकेत असा नियम १९४९ पासून होता, १९८७ मध्ये काढून टाकला. स्टेशनवाल्यांची तक्रार होती की दुसरी बाजू द्यावी लागते म्हणून वादाचे विषयच टाळावे लागतात. असेल. मोबाईलवर जे येतं त्याला हा नियम पुरणार नाही, तेही खरं. पण आमच्या घरी दिवसाचे आठ तास टीव्ही चालतो, मोबाईल नाही. मी माझ्या घराचं बोलतेय.

मगाशी रागात बाबांना बोलले. म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांचा शेजार तुम्ही एका अँकरपायी घालवलात. ते काही बोलले नाहीत. हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्यावर हात ठेवून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "तो औषधाची पिशवी विसरून गेला." खरंच खुर्चीवर होती, गुडघ्याच्या गोळ्यांची. मला आधी दिसलीच नव्हती. बाबांना एका डोळ्याने दिसली.

त्या दोघांचा काय दोष आहे सांगा. सगळं आयुष्य दोघांची मतं उलटी होती. एकदाही चहा टाकून कुणी उठलं नव्हतं.

आत्ता काकांना फोन लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, ते टीव्हीसमोर बसलेत गं, नंतर करायला सांगू का?

म्हटलं नको काकू, आवाज कमी करून त्यांना द्या. बाबांना बोलायचंय. मी धरते.