नोटीस घेण्याची योग्य पद्धत

पार्सल पोचवायच्या कामाला नवीन लागला असाल, तर आधी अभिनंदन. गाडी चालवता येते, पत्ता सापडतो, जिन्यांचं वावडं नाही, म्हणजे कामाचा सोपा भाग तुम्हाला येतोच. अवघड भाग डेपोत असतो. सकाळी गाडी सुटायच्या आधीची पंधरा मिनिटं, आणि संध्याकाळी साहेबांनी "काका, जरा येऊन जा" म्हटल्यापासून पुढे कितीही. त्याचं प्रशिक्षण कुणी देत नाही. मी ते नोटिसा घेत घेत शिकलो. तुम्हाला फुकट देतो.

पहिली गोष्ट, शर्ट खोचा. गाडीत पार्सलं कशीही कोंबलेली चालतात, शर्ट मात्र नीट खोचलेला लागतो. कारण विचारत बसू नका. तुमच्या अंगावर साहेबांना नुसत्या डोळ्यांनी तपासता येईल असं जे जे आहे, ते घरून निघतानाच ठीकठाक करून या. टायर गुळगुळीत झालाय अशी तक्रार द्यायची असेल, त्या दिवशी तर बुटांनाही पॉलिश करा. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचे आधी बूट दिसतात, टायर नंतर. पुष्कळदा टायरपर्यंत पाळी येतच नाही.

दुसरी गोष्ट पाठांतराची. १९५२ साली अमेरिकेत हॅरल्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी सुरक्षित गाडी चालवण्यासाठी पाच नियमांची पद्धत काढली. नजर लांबवर ठेवा. आजूबाजूचं सगळं चित्र ध्यानात घ्या. डोळे फिरते ठेवा. निसटायला जागा ठेवा. आणि तुम्ही इतरांना दिसताय याची खात्री करून घ्या. नियम उत्तम आहेत, हे मी तिरकसपणे म्हणत नाही. ते पाळले म्हणून आज माझे दोन्ही गुडघे माझ्याकडे आहेत. पण डेपोत ते पाळून भागत नाही, म्हणून दाखवावे लागतात. शब्दाला शब्द, क्रमाने. आमच्याकडे एक जण होते. अठरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. एका सकाळी त्यांनी चौथा नियम तिसऱ्याच्या आधी म्हटला आणि त्यांना उजळणी वर्ग लागला. शिकवायला जो मुलगा आला त्याच्याकडे लायसन्स होतं. दुचाकीचं.

तर पाठ करा. घोकता घोकता लक्षात येईल की हे पाचही नियम रस्त्याइतकेच साहेबांच्या केबिनमध्ये लागू पडतात. विशेषतः चौथा. त्याच्याकडे वळतोच, पण आधी गाडीतून खाली उतरू.

उतरण्याचाही नियम आहे. त्याला तीन आधारांचा नियम म्हणतात. उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन अवयव सतत टेकलेले हवेत. हाही नियम शहाण्या माणसाने केलेला आहे. उड्या मारून घोटा मोडून घेतलेले लोक मी पाहिलेत. आता प्रत्यक्षात या. तुमच्या एका हातात पार्सल, दुसऱ्या हातात स्कॅनर. म्हणजे नियमाने पार्सल दारापाशी खाली ठेवायचं, स्कॅनर कमरेच्या पाकिटात घालायचा, तोंड गाडीकडे करायचं, दांडी धरायची, एक पाय पायरीवर, मग दुसरा जमिनीवर, मग वळून पार्सल उचलायचं आणि स्कॅनर पुन्हा बाहेर काढायचा. मी घड्याळ लावून पाहिलंय. अकरा सेकंद. उडी मारली तर तीन. फरक आठ सेकंदांचा. दिवसाला दीडशे स्टॉप धरले तर वीस मिनिटं.

ही वीस मिनिटं रूटच्या वेळापत्रकात शोधायला जाऊ नका. नाहीत. नियमाने उतरलात तर उशिराची नोटीस, उडी मारलीत तर सुरक्षेची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवीन पोरांना वाटतं, ही चूक कुणाच्या लक्षात आली नसेल, आपण सांगू. सांगू नका, चूक नाहीये ती. साहेबांच्या टेबलाला दोन खण असतात. एकात सुरक्षेचं पुस्तक, दुसऱ्यात टार्गेटचं तक्ता-पुस्तक. दोन्ही एकाच दिवशी पाळता येतील असा माणूस अजून जन्माला यायचाय, त्यामुळे प्रत्येकाची नोटीस कायम तयार असते. कुणाला ती कधी द्यायची एवढंच ठरवायचं आणि तो खण उघडायचा. ज्यानं परवा ओव्हरटाइमचा हिशेब मागितला, त्याचे आठ सेकंद अचानक फार महत्त्वाचे होतात.

सेकंदांचं हे वेड जुनं आहे. त्याचे मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं शास्त्र त्यांचं. ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात असा घड्याळवाला आला, तेव्हा तिथले साचेकाम करणारे कामगार हत्यारं ठेवून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं, आणि पुढे लष्करी खर्चाच्या विधेयकांतच लिहिलं गेलं की या पैशातून स्टॉपवॉच घेऊन कामगाराचा वेळ मोजायचा नाही. तेव्हापासून व्यवस्थापन धडा शिकलं. आता घड्याळ घेऊन कुणी तुमच्या मागे उभं राहत नाही. ते गाडीतच बसवतात.

पुढे यूपीएस या कंपनीने चालकाच्या हालचालींच्या ३४० पद्धती ठरवल्या, किल्ली कोणत्या बोटात अडकवायची इथपर्यंत. २०१४ साली त्यांच्या एका अधिकाऱ्याने हिशेब सांगितला होता, की प्रत्येक चालकाचा रोजचा एक मिनिट म्हणजे कंपनीचे वर्षाला १ कोटी ४५ लाख डॉलर. हा आकडा वाचल्यापासून मला स्वतःविषयी फार आदर वाटायला लागला. इतका महागडा माणूस रोज संध्याकाळी केबिनबाहेरच्या बाकड्यावर पाऊण तास बसवून ठेवतात, म्हणजे कंपनीची ऐपत असली पाहिजे.

गाडीतल्या डबीविषयी थोडं. तिला सगळं कळतं. बेल्ट कधी लावला, दार किती वेळ उघडं होतं, किती वेळा रिव्हर्स घेतलात, इंजिन उभ्या गाडीत किती वेळ चालू होतं. जोरात ब्रेक दाबलात की नोंद. समोर कोण आलं होतं ते तिला कळत नाही. तेव्हा चेंडूमागे पोरगं धावत आलं तर घाबरू नका. ब्रेक सावकाश दाबा, आलेख गुळगुळीत राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी साहेब तो आलेख समोर धरून विचारतात, "काका, इथे काय झालं?" आणि "इथे काही झालं नाही, हेच तर झालं" हे उत्तर मांडायला त्यांच्या फॉर्मवर रकाना नसतो.

रकान्यांवरून आठवलं. स्कॅनरमध्ये उशिराची कारणं निवडायची यादी असते. आमच्या यादीत चार होती: वाहतूक कोंडी, पत्ता चुकीचा, ग्राहक उपलब्ध नाही, वाहन नादुरुस्त. एका इमारतीत लिफ्ट बंद होती. सातवा मजला, पाण्याच्या फिल्टरचा खोका, चौदा किलो. वर गेलो, सही घेतली, धापा टाकत खाली आलो, तर स्कॅनर म्हणे, नऊ मिनिटं चाळीस सेकंद एका जागी, कारण द्या. कारण दिल्याशिवाय पुढचा पत्ता उघडेना. मी चारही पर्याय दोनदा वाचले. कोंडी नव्हती. पत्ता बरोबर होता. ग्राहक तर दारात उभा राहून "फारच उशीर केलात" म्हणाला होता. राहिलं चौथं. मी विचार केला, लिफ्ट हेही एक प्रकारे वाहनच. माणसं वाहून नेते. निवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीखाली मेकॅनिक झोपलेला. मला वाटलं, चला, टायरची तक्रार पावली. तो बिचारा तासभर नादुरुस्ती शोधत होता. नाही सापडली. गाडी उत्तम स्थितीत असल्याचं त्याने लिहून दिलं (टायर त्याने पाहिले नाहीत, त्याला इंजिन सांगितलं होतं). गाडी तासभर उशिरा सुटली. संध्याकाळी माझ्या हातात दोन कागद पडले: एक वाहन नादुरुस्त असल्याची खोटी माहिती दिल्याबद्दल, दुसरा त्या दिवशीच्या एक तासाच्या उशिराबद्दल. मी लिफ्टचं सांगितलं. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे, स्वभावाने खरंच वाईट नाहीत. म्हणाले, "काका, मला पटतंय हो. पण सिस्टीममध्ये लिफ्ट नाहीये." मग थांबून म्हणाले, "पर्सनली घेऊ नका." नोटिशीवर माझं नाव, माझा नंबर, माझी सही. पर्सनली कुणी घ्यायची ते विचारायचं राहून गेलं.

देहधर्मावर मी फार लिहिणार नाही, सभ्य लोक वाचत असतील. २०२१ च्या मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने एका अमेरिकी खासदाराला ऐटीत विचारलं होतं, की बाटलीत लघवी करण्याच्या गोष्टींवर तुमचा खरंच विश्वास आहे का. काही दिवसांतच चूक झाली म्हणून माफी मागावी लागली. चालकांना रस्त्यात स्वच्छतागृह सापडायची अडचण होते हे कबूल केलं. युरोपात साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाडीच्या चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावी लागते. आपल्यासारख्या लहान गाड्या बहुतेक वेळा त्या नियमाच्या बाहेर. लहान गाडीत माणूस लहानच दमतो, असं काहीतरी शास्त्र असावं.

आता चौथा नियम. निसटायला जागा ठेवा.

साहेब तोंडी सांगतील, "आज बेल्टचं जरा बघून घ्या, स्टॉप जवळजवळ आहेत, पण सगळे झाले पाहिजेत." या वाक्यात बेल्ट काढा असं कुठेही म्हटलेलं नाही, ते तुम्हीच ऐकलंत. अशा वेळी वाद घालू नका. अत्यंत गोड चेहऱ्याने म्हणा, "तुम्ही म्हणता तसंच करतो साहेब, फक्त तेवढं दोन ओळींत मेसेज करा, म्हातारपणी लक्षात राहत नाही." मी खूप औषधं पाहिली, पण इतक्या लवकर गुण येणारं दुसरं नाही. साहेब एकदम म्हणतात, "नको नको, तुम्ही सेफ्टीने चालवा."

केबिनमध्ये एकटे जाऊ नका. अमेरिकेत १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकते अशी कामगाराला रास्त भीती आहे, तिथे युनियनवाल्या कामगाराला आपला प्रतिनिधी सोबत मागता येतो. मात्र मागावा लागतो. बोलावणारा आपणहून सांगायला बांधील नाही, आणि सांगतही नाही. तुमच्याकडे कायदा काय ते तुमचं तुम्ही बघा. काहीच नसेल तर एखादा सहकारी घेऊन जा, त्याने तिथे बसून नुसती नखं कुरतडली तरी चालेल. तिसरा माणूस खोलीत असला की साहेबांच्या वाक्यांना व्याकरण येतं.

आणि फारच झालं, तर सगळे नियम पाळा. याला आपल्याकडे नियमानुसार काम म्हणतात, फ्रेंच लोक त्याला उत्साहाचा संप म्हणतात, आणि मला ते नाव जास्त आवडतं. आम्ही पाच जणांनी एक आठवडा असा उत्साह दाखवला. निघण्यापूर्वी गाडीच्या तपासणीचा फॉर्म, ज्यावर एरवी डोळे मिटून बरोबरच्या खुणा होतात, तो खरोखर गाडी पाहून भरला. पाच गाड्यांत अकरा दोष निघाले. वायपर, आरसा, मागचा दिवा, आणि माझा टायर. तीन आधार. रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागे जाऊन पाहणं, हेही पुस्तकात आहे. तिसऱ्या दिवशी साठ पार्सलं परत आली आणि साहेब फाटकाशी उभे. "काका, असं काय करता, जरा समजून घ्या ना." मी विचारलं, कोणता नियम मोडू ते सांगा. त्यांनी लिहून द्यायला मात्र नकार दिला.

टायर शुक्रवारी बदलला.

राहता राहिली सही. नोटीस हातात आली की लगेच सही करू नका. खुर्ची ओढून बसा, चष्मा काढा, पुसा, पहिल्यापासून वाचा. तारीख तपासा, गाडीचा नंबर तपासा. निम्म्या वेळा दुसऱ्याचाच असतो. मग लिहा: "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही." आणि एक प्रत मागून घ्या.

गेल्या महिन्यात असाच वाचत बसलो होतो. सकाळी गाडी सुटता सुटता हाक आली होती, "काका, दोनच मिनिटं." नोटीस होती उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवल्याबद्दल, आदल्या आठवड्यातली, चार मिनिटं. मी नीट वाचली, साहेबांनी डिझेलचे भाव समजावले, मी मान्य नाही म्हणून लिहिलं, त्यांनी का म्हणून विचारलं. पंचवीस मिनिटांनी बाहेर आलो तर माझी गाडी फाटकात तशीच घरघरत उभी. स्कॅनरवर लाल चौकट: उभ्या गाडीत इंजिन चालू, सव्वीस मिनिटं, कारण द्या. चार पर्याय. नादुरुस्त वाहनाच्या वाटेला मी आता जात नाही, तेवढं शिकलोय. "साहेबांशी बोलत होतो" यादीत नव्हतं. ग्राहक उपलब्ध नाही निवडलं आणि निघालो.