काका, ज्येष्ठमधाशी माझं भांडण नाहीये

काका, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी आयुर्वेदाला नावं ठेवतोय, औषध कंपन्यांची तळी उचलतोय, आणि तुमच्या वहिनींचा तोंडाचा वास लवंग-ज्येष्ठमधानं गेला म्हणजे पोटातलं हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं इन्फेक्शन पण गेलंच. पहिल्या दोन आरोपांचं राहू द्या, पुण्यात राहून एवढं ऐकायची सवय आहे. तिसऱ्यावर बोलतो.

वास गेला ना, छानच झालं. पण तो येत कुठून होता? बहुतेकांचा वास पोटातून नाही तर तोंडातूनच येतो, जिभेच्या पार मागे जो पांढरट थर असतो तिथून, हिरड्यांतून, एखाद्या किडलेल्या दाढेतून. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर सोडला तर पोटातली हवा काही सारखी वर येत नाही. (भरपूर कांदा घातलेली मिसळ खाऊन लक्ष्मी रोडवर ओळखीचं कुणी भेटलं की जी पंचाईत होते ती वेगळी, तो वास रक्तातून फुफ्फुसात येतो म्हणून ब्रश करून पण जात नाही.) लवंगेत युजेनॉल असतं, दातांचे डॉक्टर पण वापरतात ते, त्यामुळे लवंग चघळून तोंडातले जंतू कमी झाले आणि वास गेला हे मला अगदी पटतं. पण त्यावरून पोटाचं काय कळलं?

पोटाचा संबंध नसतोच असंही मी म्हणत नाहीये हां. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मधे हेलिकोबॅक्टर पायलोरीचं कल्चर (लॅबमधे वाढवलेले जंतू) स्वतः पिऊन बघितलं, थोड्याच दिवसात उलट्या, जठराला सूज आणि तोंडाला घाण वास! २००५ चं नोबेल त्याला आणि रॉबिन वॉरनला मिळालं ते याच जंतूसाठी. आता हा जंतू महाचिवट, युरियापासून (आपल्या शरीरातच बनणारं एक द्रव्य) अमोनिया बनवतो, त्यानं आजूबाजूचं ॲसिड मारतो आणि जठराच्या चिकट अस्तरात घुसून बसतो. लॅबमधल्या काचेच्या बशीत ज्येष्ठमधाचा अर्क त्याच्यावर चालतो, मान्य, पण घोटभर काढा पोटात गेल्यावर पातळ होऊन पुढे सरकतो आणि हा आत तसाच. म्हणून डॉक्टर दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि ॲसिड कमी करायची गोळी असा साधारण १४ दिवसांचा कोर्स देतात. तोंड लोखंड चाटल्यासारखं होतं म्हणून लोक मधेच सोडतात, तेव्हा चघळा की बडीशेप, ओवा, हवं ते, कोण नको म्हणतंय.

वहिनींचं खरंच गेलंय का ते बघायचं तर युरिया ब्रेथ टेस्ट करा. पिशवीत फुंकायचं, युरिया घ्यायचा, थोड्या वेळानं परत फुंकायचं (जंतू असेल तर तो युरिया फोडतो, ते श्वासात कळतं), बास, नळी वगैरे काही नाही. फक्त ॲसिडची गोळी (पॅन्टोप्रॅझोल वगैरे) दोन आठवडे आधी आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद हवं, नाहीतर जंतू असून पण रिपोर्ट निगेटिव्ह येतो. गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा, मनानं नको.

आणि एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मंडईतनं आणलेल्या त्या पिवळट गोड काड्या त्या रोज चघळत असतील तर बीपीचं काय आहे ते विचारा. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं की बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, आणि बीपीची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर मग टेस्टच्या आधी हे ज्येष्ठमध चघळणं थांबवायला सांगा त्यांना.