गळा कापा, पण गाऊ नका

सिनेमाला जाण्याआधी तो कशाबद्दल आहे हे वाचून जाणारी माणसं मला संशयास्पद वाटतात. तुम्ही तसे नसाल अशी आशा आहे. पोस्टरवर जॉनी डेप आहे, हातात वस्तरा आहे, दिग्दर्शक टिम बर्टन आहे, एवढी माहिती पुरे. पॉपकॉर्नचा मोठ्यातला मोठा डबा घ्या आणि आत जाऊन बसा. पहिल्या काही मिनिटांतच धुक्यातून एक जहाज लंडनला येईल आणि त्यावरचा कोवळा खलाशी बोलायचं सोडून गायला लागेल. इथून तुमचं काम सुरू. शेजारच्याकडे वळा आणि पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा बेताने विचारा, "हे लोक गाणार आहेत की काय?"

२००७ च्या डिसेंबरात 'स्वीनी टॉड' लागला तेव्हा हा प्रश्न पुष्कळांना पडला. हो, गाणार होते. जवळजवळ शेवटपर्यंत. काही प्रेक्षक उठून गेले. ब्रिटनमध्ये तर काहींनी जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेपर्यंत तक्रार नेली की ट्रेलरने आम्हाला फसवलं. तक्रार अगदीच हवेतली नव्हती. ट्रेलरमध्ये धुकं होतं, रक्त होतं, डेपचे ते काळवंडलेले डोळे होते, आणि गाणं म्हणाल तर वरणातल्या हिंगाइतकं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीचा आवाज ऐकूच द्यायचा नाही, असला तो प्रकार.

पण तक्रार करताना एक पथ्य पाळा. या सिनेमात स्वीनी टॉड नावाचा न्हावी दाढीला आलेल्या गिऱ्हाइकांचे गळे चिरतो, पायाने कळ दाबतो, खुर्ची उलटते, प्रेत तळघराच्या फरशीवर डोक्यावर आपटतं. त्याचा आवाज तर असा काढलाय की आपलीच मान आखडते. मग खालची मिसेस लव्हेट त्या प्रेताचा खिमा करून पायमध्ये भरते आणि विकते. (पाय म्हणजे इंग्रजांचा खायचा पाय, पारीत सारण भरून भाजलेला. देवनागरीत लिहिलं की घोळ होतो, पण या गोष्टीपुरता तो घोळ नसून वर्णन आहे.) बाईंचा मुद्दा शुद्ध हिशेबाचा आहे: मटण परवडत नाही, वर एवढा चांगला माल पडलाय, तो वाया का घालवायचा? यातल्या कशाहीबद्दल चकार शब्द काढू नका. नरमांसाला आपली हरकत नाही. आपल्याला पटत नाही ते एवढंच, की माणूस वस्तरा हातात घेऊन सुरात कसा बोलेल?

माझ्या मामेभावाने हे सगळं आदर्श पद्धतीने पार पाडलं. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो. नाताळच्या सुट्टीत तो बायकोला आणि पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन गेला, कारण समुद्री चाच्यांच्या सिनेमातला तो काजळ घालणारा नट घरात सगळ्यांचा लाडका. सासूबाईंचं मार्गशीर्षातलं व्रत चालू होतं. वार गुरुवार नव्हता म्हणून त्या आल्या. पहिला गळा चिरेपर्यंत हा घड्याळ बघत होता. चिरला तेव्हा "चला, एकदाचा सुरू झाला" म्हणत सावरून बसला. पुढे खून आला की हा ताठ, गाणं आलं की हा आडवा. सासूबाईंनी मात्र सबंध सिनेमात एकच प्रश्न विचारला. त्या पायच्या पारीत अंडं घालतात का?

घरी पोचल्यावर त्याने मला फोन केला. "अरे, माणसं अशी मधेच गातात होय? काही लॉजिक?"

हे विचारणारा गृहस्थ कोण, तर ज्याच्या आवडत्या हिंदी सिनेमांत नायिका शिफॉनच्या साडीत बर्फावर नाचते आणि तिला साधं पडसंही होत नाही. ज्याचे आजोबा संगीत नाटकाला जायचे ते गोष्ट बघायला नव्हे, वन्समोअर द्यायला. मेलेला नट वन्समोअर आला म्हणून उठून बसायचा, पद पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा रीतसर मरायचा, अशी कथा आपल्याकडे सांगतात. खरं-खोटं रंगदेवतेला ठाऊक. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हापासून बोलता बोलता गाणाऱ्या माणसांना आपण माना डोलावत आलोय. पण ते आपलं. तेच इंग्रजीत झालं की अनैसर्गिक. हा नियम पाठ करून ठेवा, सिनेमाबाहेरही उपयोगी पडतो.

आता हा सिनेमा ज्यावर बेतलाय ते मूळ संगीत नाटक तुम्ही जर पाहिलेलं असेल, किंवा पाहिलेलं नसून नुसती रेकॉर्ड ऐकलेली असेल (हे जास्त सोयीचं), तर मात्र उठून जाण्याची मुभा तुम्हाला नाही. तुम्ही शेवटपर्यंत बसून दुःखी व्हायचं आहे. बाहेर पडल्यावर १९७९ हे साल उच्चारायचं. जाणत्याने नुसतं साल सांगावं, समोरच्याने ओशाळावं. तो ओशाळला नाहीच तर तपशील द्या: मार्च महिना, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं युरिस थिएटर, हॅरॉल्ड प्रिन्सचं दिग्दर्शन, स्टीव्हन सोंडहाइमचं संगीत आणि काव्य, लेन कॅरिऊ आणि अँजेला लान्सबरी, आठ टोनी पुरस्कार. आठ टोनी मिळूनही ५५७ प्रयोगांनंतर पडदा पडला तेव्हा लावलेले पैसे पुरते वसूल झाले नव्हते, आणि जिथली ही गोष्ट त्या लंडनने तर नाटकाला १५७ प्रयोगांत निरोप दिला, हे मात्र सांगू नका. आपल्या काळचे प्रेक्षक दर्दी होते, या विधानाला उगाच तडा जातो.

मराठीत तुमची एक मोठी सोय आहे. गळा हा शब्द कापायच्याही कामी येतो आणि गायच्याही. "डेपला गळाच नाही" एवढं म्हणा आणि थांबा. दुसरा कोणी म्हणेल की बिचाऱ्याने दुसऱ्यांचे एवढे कापले, त्याचा स्वतःचा कुठून उरणार. मिसेस लव्हेट झालेल्या हेलेना बॉनम कार्टरबद्दल "ती गाते कुठे, कानात सांगते" हे पुरेसं आहे. तेवढ्यात एखादा आगाऊ माणूस म्हणेल की या दोघांची निवड सोंडहाइमच्या संमतीनेच झाली होती, आणि कॅमेरा तोंडापासून वीतभर अंतरावर असताना शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडून गायचं कशाला? त्याच्याकडे दयेने बघा. ज्याने लिहिलं त्याला त्यातलं काय कळतं?

या नाटकवाल्यांच्या एका तक्रारीवर मात्र मला टिंगल सुचत नाही, ही अडचण आहे. मूळ नाटकात एक कोरस आहे. लंडनच्या रस्त्यावरची फाटकी माणसं. तीच गोष्ट सुरू करतात, मधेमधे पुढे येऊन टॉडची गाथा म्हणतात, आणि शेवटी सगळं संपल्यावर प्रेक्षकांकडे बोटं दाखवतात: टॉड तिथे आहे, तिथेही आहे, तुमच्या शेजारी आहे. सिनेमात हे सगळं गाळलं. चाल वाद्यांवर शिल्लक आहे, तोंडं गेली. जुन्या ड्रॅक्युलापटांतल्या ख्रिस्तोफर लीसारख्या माणसाने गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं, तेही बाद झालं. 'घाशीराम कोतवाल' ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यातून ती माणसांची भिंत काढून टाका, मग उरतात एक नाना, एक घाशीराम आणि त्यांचं खासगी भांडण. भिंत असते म्हणून ते पुण्याचं होतं. इथेही कोरस गेला आणि एका शहराची गोष्ट एका माणसाच्या सुडाची झाली. सुडाची म्हणून ती देखणी आहे, ते नाकारत नाही. पण बोट दाखवायला कोणी उरलं नाही, आणि आपण निवांत पॉपकॉर्न संपवू शकलो.

उत्तरार्धात टॉडचं एक गाणं येतं. त्या वेळी मोबाइल काढाच. नातेवाइकांच्या गटावर शुभ सकाळ पाठवायची राहिली असेल, आलेले हळदीकुंकवाचे फोटो बघायचे असतील, ते सगळं याच वेळी. कारण पडद्याकडे नीट पाहिलंत तर पंचाईत आहे. न्यायाधीशाने खोट्या आरोपात अडकवून पंधरा वर्षं ऑस्ट्रेलियाला धाडलेला हा माणूस आपल्या हरवलेल्या मुलीला आठवतोय. जोआना. चाल अंगाईसारखी. आवाजात राग नाही, घाई नाही. आणि हात एकामागून एक गिऱ्हाईक उरकतायत. फेस, वस्तरा, कळ, धप्. पुढचा या. मधे एक जण बायको-पोराला घेऊन येतो म्हणून वाचतो, त्याची नुसतीच दाढी होते. खाली रस्त्यात एक वेडसर भिकारीण धुराड्याकडे हात करून ओरडतेय, शहरात कोणी ऐकत नाही. तिचं ओरडणं आणि याची अंगाई एकाच संगीतात बसवलेली आहे.

हेच संवादांत लिहून पाहा. "मुली, तुझी फार आठवण येते," असं म्हणत माणूस गळा चिरतोय, लोक हसतील. सुरात आहे म्हणून हसू येत नाही. माणूस इतका सवयीने खून करतोय की त्याचं मन दुसरीकडेच लागलंय, हे त्या चालीवरून कळतं. आणि मग आपल्याला गुणगुणावंसं वाटतं, तिथे खरी भीती आहे. म्हणून म्हणतो, मोबाइल काढा.

निर्मातेमंडळींनाही थोडा सल्ला द्यायला हवा, पण त्यांना गरज दिसत नाही. पाच कोटी डॉलरच्या आसपास घालून त्यांनी जगभरातून पंधरा कोटींच्या वर मिळवले. गोल्डन ग्लोबमध्ये 'संगीतिका किंवा विनोदी' या गटात सिनेमा पहिला आला. ज्या ट्रेलरने गाणं लपवलं त्याच सिनेमाला गाण्यासाठी बक्षीस, आणि गाणं मानायचं नसेल तर हा विनोद आहे असं समजायची सोयसुद्धा त्या गटातच होती. युक्ती चालते म्हटल्यावर कोण सोडतो? २०२४ च्या जानेवारीत 'मीन गर्ल्स'ची संगीतिका पडद्यावर आली तेव्हाही गाणी ट्रेलरपासून जपून ठेवली होती, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यावर थिएटरांत उमटलेला सामुदायिक "अरे देवा" लोकांनी मोबाइलवर टिपून ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'विकेड' ही दुसरी संगीतिका लागली तर वाद उलटा: प्रेक्षकच गातायत, त्यांना गप्प कसं करायचं? मधल्या मध्ये चूपचाप बसून ऐकणारा माणूस कुणाच्या हिशेबात नाही.

मामेभाऊ गेल्या वर्षी दिवाळीला आला होता, आमच्याकडेच उतरला. अभ्यंगस्नान आटोपल्यावर बाथरूममध्ये दाढी करत होता. मी पंचा द्यायला दाराशी गेलो, तर आतून हलक्या आवाजात काहीतरी चाललेलं. चाल अंगाईसारखी. शब्द एकच, तोही परत परत.

दार वाजवलं. आवाज बंद.

"गात होतास?"

"छे," तो आतून म्हणाला, "मला नाही आवडत ते गाण्याबिण्याचे सिनेमे."

बाहेर आला तेव्हा हनुवटीखाली कापसाचा बोळा धरला होता.