हजबंडचा ‘बँड’, वेडलॉकचं ‘लॉक’ आणि बाकीची जुळवाजुळव

लग्नसराई आली की एक मेसेज न चुकता ग्रुपवर येऊन पडतो. वर ‘इंग्रजी शब्दांचे खरे अर्थ’ असं शीर्षक, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. थोडक्यात मजकूर असा: हजबंड म्हणजे ‘हाऊस-बँड’, घर बांधून ठेवणारा पट्टा. वाइफ हे ‘वरीज इनव्हायटेड फॉर एव्हर’चं लघुरूप. वेडलॉक म्हणजे लग्नाचं कुलूप. ब्राइड हा शब्द ब्राइडलवरून, म्हणजे लगामावरून आला, आणि ग्रूम म्हणजे तो लगाम धरणारा मोतद्दार. पार्टनर म्हणजे कधी ना कधी ‘पार्ट’ होणारा. फेलो म्हणजे मागून ‘फॉलो’ करणारा. कंपॅनियन म्हणजे सोबत भाकरी खाणारा.

यातला एक दावा पूर्ण खरा आहे, दोन-तीन अर्धेमुर्धे आणि बाकीचे बसवलेले. विनोद म्हणून कोणाची हरकत नाही. पण निवेदक स्टेजवरून हीच ‘व्युत्पत्ती’ गंभीर चेहऱ्याने सांगू लागतो, तेव्हा एकेक दावा तपासायला हवा. मेसेजवाल्याची रीत सोपी आहे: आजचं स्पेलिंग मधोमध तोडायचं आणि दोन तुकड्यांना आजचेच अर्थ चिकटवायचे. खरी रीत उलटी. शब्दाचं सर्वांत जुनं नोंदलेलं रूप शोधायचं, त्या काळी त्याचा अर्थ काय होता ते पाहायचं आणि जर्मन, डच, नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) अशा भावंडभाषांत तो कोणत्या रूपात आहे हे ताडून घ्यायचं.

आधी हजबंड. यातलं ‘हाऊस’ बरोबर, ‘बँड’ चूक. मूळ शब्द जुन्या नॉर्समधला ‘हूसबोंडी’. ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे राहणारा, घरदार-जमीन असलेला शेतकरी; तो ‘बूआ’ म्हणजे राहणे, वसणे या धातूपासून बनला. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांबरोबर हा शब्द अकराव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळला, पण तेव्हा त्याचा अर्थ घरधनी एवढाच. ‘नवरा’ हा अर्थ साधारण १३०० च्या सुमारास पक्का झाला. शेतकरीपणाची खूण अजून टिकून आहे: पशुसंवर्धनाला इंग्रजीत ‘अॅनिमल हजबंड्री’ म्हणतात, त्यात नवऱ्याचा काही संबंध नाही. त्याआधी पुरुषाला आणि नवऱ्याला जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणत. तो शब्द मेला, पण ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे माणूस-लांडग्यात, त्याची खूण उरली. हा ‘वेर’ आणि आपला ‘वीर’ एकाच मुळाचे.

गंमत पुढेच आहे. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत या ‘बोंडी’ (इंग्रजीत ‘बोंडा’) शेतकऱ्यांचा दर्जा घसरला, ते जमीनदाराचे बांधील कुळं झाले आणि त्यांच्या अवस्थेला ‘बाँडेज’ म्हणू लागले. म्हणजे बाँडेजमधला ‘बाँड’ मुळात दोरीचा नव्हे, शेतकऱ्याचा. दोरीचा ‘बाँड’ वेगळा, तो ‘बाइंड’च्या घरातला. उच्चार जुळले आणि अर्थ एकमेकांत मिसळले. मेसेजवाल्याने केलेला घोळ इंग्रज लोकांनी आधीच करून ठेवला होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

घर आणि धनी यांचा असा जोड आपल्याकडेही आहे. ‘दंपती’मधला ‘दम’ म्हणजे श्वास नव्हे आणि दमणंही नव्हे. वैदिक संस्कृतात ‘दम’ म्हणजे घर. लॅटिन ‘दोमुस’ त्याचाच भाऊ. ऋग्वेदात ‘दम्पति’ म्हणजे घराचा स्वामी. नंतर द्विवचनात नवरा-बायकोची जोडी. ग्रीकमध्ये हाच जोड ‘देस्पोतेस’ झाला आणि इंग्रजीत हुकूमशहाला म्हणायचा ‘डेस्पॉट’ त्यातूनच आला. विनोदच करायचा तर सामान इथे जास्त आहे.

वाइफचं लघुरूप एका वाक्यात निकालात निघतं. आद्याक्षरं जुळवून शब्द बनवायची पद्धत इंग्रजीत रुजली ती विसाव्या शतकात, ‘रडार’सारख्या शब्दांनी, ‘वाइफ’ त्याहून हजारएक वर्षं जुना आहे. जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे नुसती स्त्री, लग्न झालेली असो वा नसो. ‘मिडवाइफ’मध्ये तो अर्थ टिकला आहे: तिथे ‘मिड’ म्हणजे सोबत (जर्मनमधला ‘मिट’), बाळंतिणीसोबत असणारी. ‘वीफ’च्या मागे काय, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, त्यामुळे याहून खोल ‘खरा अर्थ’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. व्याकरणात हा शब्द नपुंसकलिंगी होता. यावर नाक मुरडण्याआधी संस्कृत आठवावं: पत्नी या अर्थाचा ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी, तोही कायम बहुवचनी.

वेडलॉकमध्ये कुलूप नाही. जुनं रूप ‘वेडलाक’. ‘वेड’ म्हणजे वचन, तारण. ‘लाक’ हा क्रिया दाखवणारा प्रत्यय, आपल्या ‘-पणा’, ‘-गिरी’सारखा. जुन्या इंग्रजीतला दीर्घ ‘आ’ पुढे ‘ओ’कडे सरकला, ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘हाम’चा ‘होम’ झाला, तसाच ‘लाक’चा ‘लॉक’ झाला. बाकी सगळे ‘-लाक’वाले शब्द नाहीसे झाले, म्हणून हा एकटा कुलपासारखा दिसतो. ‘वेड’ची भावकी मात्र मोठी आहे. हाच जर्मॅनिक शब्द फ्रेंचमध्ये गेला तेव्हा ‘व’चा ‘ग’ होऊन ‘गाज’ बनला, म्हणजे तारण. त्यातून ‘एंगेज’ आणि ‘मॉर्गेज’ आले. साखरपुड्याची ‘एंगेजमेंट’ आणि बँकेकडे गहाण टाकलेला फ्लॅट एकाच मुळावरचे.

स्पाउजही वचनाचाच. रोमन करारात एकजण विचारी, ‘स्पोंदेस्ने?’ म्हणजे वचन देतोस का; दुसरा म्हणे, ‘स्पोंदेओ’, देतो. त्यातून वाग्दत्त वर तो ‘स्पोन्सुस’, वधू ‘स्पोन्सा’. स्पॉन्सर आणि स्पाउज चुलतभाऊ. आपला ‘वाङ्निश्चय’ दुसरं काय सांगतो?

ब्राइड आणि लगाम यांचा संबंध नाही. लगामाचा ‘ब्राइडल’ वेणी घालण्याच्या ‘ब्रेड’शी नातं सांगतो. विशेषण म्हणून लिहिला जाणारा दुसरा ‘ब्राइडल’ मुळात ‘ब्राइड-एल’, लग्नातली बिअरची मेजवानी. ग्रूमबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. जुना शब्द ‘ब्र्यूडगुमा’, वधूचा पुरुष. ‘गुमा’ म्हणजे माणूस, लॅटिन ‘होमो’चा सोबती. ‘गुमा’ बोलण्यातून गेला, लोकांना तो कळेना, म्हणून सोळाव्या शतकात त्याजागी ओळखीचा ‘ग्रूम’ बसवला. जर्मनमध्ये ‘ब्रॉयटिगाम’ अजून शाबूत आहे. मोतद्दार आला तो मागच्या दाराने.

आता पार्टनर. मूळ लॅटिन ‘पार्स’, म्हणजे भाग. पण पार्टनर हा वेगळा होणारा नव्हे, वाटा असलेला. मध्ययुगीन इंग्रजीत आधी ‘पार्सनर’ होता, फ्रेंच ‘पार्सोनिए’वरून, अर्थ सह-वारस. १३०० च्या आसपास ‘पार्ट’च्या ओढीने त्याचा ‘पार्टनर’ झाला. जुना ‘पार्सनर’ कायद्यात तसाच राहिला आणि वारसाहक्काच्या दाव्यांत आपल्याकडेही रोज ऐकू येतो: ‘कोपार्सनर’, सहदायाद. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मुलगा नसेल तर जमीन सगळ्या मुलींना मिळून जाई आणि त्या बहिणी ‘कोपार्सनर’ ठरत. इंग्रजांनी हाच शब्द हिंदू एकत्र कुटुंबाला लावला तेव्हा मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या पद्धतीत सहदायाद फक्त पुरुष. मुलींना तो हक्क केंद्रीय दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. शब्द सगळा प्रवास करून पुन्हा लेकींकडे आला. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४ मधली व्याख्याही नफा वाटून घेण्याच्या करारावर उभी आहे. आपला ‘भागीदार’ तसाच: संस्कृत ‘भाग’ला फारसी ‘दार’.

‘पार्ट’ होण्याचा अर्थ लग्नात शोधायचाच असेल तर तो शपथेत आहे. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथात ‘टिल डेथ अस डिपार्ट’ असं होतं. तेव्हा ‘डिपार्ट’ म्हणजे ताटातूट करणे. पुढे त्याचा अर्थ निघून जाणे असा झाला आणि वाक्य विचित्र वाटू लागलं, म्हणून १६६२ मध्ये ते ‘डू पार्ट’ केलं.

फेलो कोणाला फॉलो करत नाही. नॉर्स ‘फेलागी’: ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, पैसा, आणि ‘लाग’ म्हणजे ठेवणे. दोघांनी आपापला पैसा एकत्र टाकला की ते एकमेकांचे ‘फेलागी’, म्हणजे धंद्यातले भागीदार. ‘फे’ आणि आपला ‘पशु’ यांचं मूळ एक. गुरं हीच संपत्ती होती त्या काळातलं. आज तो शब्द ‘तो माणूस’ एवढ्यावर आला आहे.

कंपॅनियनबद्दल मेसेज बरोबर आहे. लॅटिन ‘कोम’ म्हणजे सह, ‘पानिस’ म्हणजे भाकरी. पोर्तुगीजांकडून आपल्याला मिळालेला ‘पाव’ त्याच पानिसचा वंशज, आणि ‘कंपनी’ही तिथलीच. ‘मेट’ची गोष्टही ताटाचीच: ‘मीट’चा जुना अर्थ कुठलंही अन्न, आणि एका पंगतीला बसणारा तो मेट. बुद्धिबळातल्या ‘चेकमेट’चा ‘मेट’ मात्र याचा कोणी नव्हे. तो फारसी ‘शाह मात’मधला, आपल्या शह-मातमधला.