पाइप बारीक केल्याने पाण्याचा जोर वाढत नाही

घरात पाणी जोरात यावे म्हणून पाइप बारीक टाका, असा सल्ला हल्ली फार फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जाड पाइपात पाणी पसरते आणि जोर मरतो. पाण्याचा मीटर अर्धा इंची असेल तर पुढे मोठा पाइप टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. जास्त पाणी हवेच असेल तर अर्धा इंची दोन लाइनी टाका, एक इंचीचे काम होते. एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), व्हॉल्व्ह, फिटिंग कुठलेही चालते. एवढे करूनही धार बारीकच राहिली तर सरळ रस्त्यावरून येणाऱ्या मेन लाइनला मोटर जोडा. यावर विसंबून भिंतीत गाडलेली लाइन पुढे कित्येक वर्षे कोणी बदलत नाही, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

बारीक पाइपाच्या बाजूने नेहमी एकच पुरावा दिला जातो : बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते. उडते हे खरेच आहे. पण अंगठा फक्त तोंडाशी असतो, मागची सगळी नळी तेवढीच जाड राहते. तोंड आवळल्यावर नळीतून वाहणारे पाणी कमी होते, त्यामुळे घर्षणात जाणारा दाब वाचतो आणि तो अंगठ्याच्या मागे साठून बारीक, वेगवान धार सुटते. ती बादलीत धरून पाहा : बादली भरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि सबंध नळीच बारीक केली तर वाचलेला दाब उरतच नाही, तो वाटेतच खर्च होतो.

इथे मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पाइप दाब तयार करत नाही. दाब येतो तो उंचावरच्या टाकीमुळे किंवा पंपामुळे : दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार (बार हे दाबाचे माप). नळ बंद असताना अर्धा इंची पाइपात जेवढा दाब असतो तेवढाच दोन इंचीतही असतो. फरक पडतो तो पाणी वाहू लागल्यावर. तेव्हा पाइप दाब खातो, आणि किती खातो हे मुख्यतः आतल्या व्यासावर ठरते. वाहणारे पाणी तेवढेच ठेवले तर ही घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे व्यास निम्मा केला की घट सुमारे तीस पट होते.

आकडे घालून बघू. शॉवर आणि एक नळ एकदम चालू आहेत, मिळून मिनिटाला १८ लिटर पाणी हवे आहे आणि गुळगुळीत प्लास्टिक पाइपाची लांबी २० मीटर आहे. आतला व्यास १५ मिलिमीटर असेल तर घर्षणात सुमारे साडेचार मीटर उंचीइतका दाब जातो. २० मिलिमीटरला हीच घट सव्वा मीटरच्या आत राहते, आणि २५ मिलिमीटरला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी. आता मेन लाइनला १ बार, म्हणजे दहा मीटर दाब आहे आणि शॉवर पाच मीटर उंचीवर आहे असे धरा. चढण्यातच पाच मीटर गेले, उरले पाच. बारीक पाइपाने त्यातले साडेचार खाल्ले, तर शॉवरपाशी अर्धा मीटर शिल्लक राहतो. मग १८ लिटर येतच नाहीत, येते ती केविलवाणी धार. २० मिलिमीटर पाइपात जवळजवळ चार मीटर उरतात.

वाहणारे पाणी दुप्पट झाले तर घट दुप्पट होऊन थांबत नाही, साडेतीन पटीच्या वर जाते. कोणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की न्हाणीघरातला शॉवर मरतो, तो यामुळेच.

अर्धा इंचीच्या दोन लाइनी म्हणजे एक इंची, हा हिशेब आता आपोआप कोसळतो. व्यास दुप्पट केला की छेदाचे क्षेत्रफळच चौपट होते. वर, बारीक पाइपात पाण्याचा जास्त मोठा वाटा भिंतीला घासत जातो. तेवढीच घट सोसून एका जाड पाइपाइतके पाणी न्यायचे असेल, तर निम्म्या व्यासाचे सहा पाइप लागतात.

पाण्याच्या मीटरचा मुद्दा वरवर पटणारा आहे, म्हणून जाणकारही त्याला फसतात. वाट एका जागी अरुंद आहे, मग पुढे रुंद करून काय उपयोग? उपयोग आहे, कारण घट लांबीबरोबर साठत जाते. वरच्याच उदाहरणात १५ मिलिमीटर पाइपाच्या एका मीटरला पाव मीटरही दाब जात नाही. वीस मीटरला मात्र साडेचार जातो. मीटरची स्वतःची घट असते आणि ती टाळता येत नाही, पण त्यामुळे पुढच्या वीस मीटरची घटही सोसलीच पाहिजे असे होत नाही. उलट मीटर आधीच दाब खात असेल तर उरलेला जपायला हवा.

आणि अर्धा इंची म्हणजे नेमके किती, हे विकत घेताना विचारलेच पाहिजे. याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आतून साधारण १६ मिलिमीटर असतो. त्याच नावाचा सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप, एसडीआर ११ या जाडीच्या वर्गाचा, आतून १२.४ मिलिमीटरच्या आसपास भरतो. पीपीआर या दुसऱ्या प्लास्टिकच्या पाइपात तर २० हा आकडा बाहेरचा व्यास असतो. पीएन २० या दाब सोसण्याच्या वर्गात भिंत ३.४ मिलिमीटर जाड, म्हणजे आत उरतात १३.२. जुना जीआय काढून त्या जागी २० चा पीपीआर घातला आणि पाइप मोठा केला असे समजले, तर प्रत्यक्षात नव्या पाइपाचे तोंड जुन्याच्या मूळ मापापेक्षा लहान झालेले असते. गंजाने आणि क्षारांनी आतून भरलेल्या जुन्या पाइपाच्या मानाने नवा पाइप बरा वाटतो, हे वेगळे.

वेगाचाही विचार करावा लागतो. १२.४ मिलिमीटरच्या पाइपातून मिनिटाला १८ लिटर न्यायचे तर पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने पळते. घरातल्या लाइनीत दीड ते दोन मीटरच्या आत राहणे चांगले, नाहीतर पाइप आवाज करतात आणि नळ झटकन बंद केल्यावर धक्के बसतात. धातूच्या पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी क्षणात अडवले तर दाब सुमारे १२ बारने उसळतो. प्लास्टिक थोडे ताणले जाते म्हणून उसळी कमी असते, पण सांध्यांना ती रोज सोसावी लागते.

फिटिंग कुठलेही चालते, हे अर्धेच खरे. एल्बोला लोक उगाच जास्त दोष देतात : साधा काटकोनी एल्बो म्हणजे त्याच्या व्यासाच्या तीस पट सरळ पाइप, १५ मिलिमीटरला अर्ध्या मीटरपेक्षा कमी. दहा एल्बो झाले तर मात्र साडेचार मीटर पाइप वाढल्यासारखे होते. खरा चोर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह असतो. ग्लोब पद्धतीचा स्टॉपकॉक, ज्यात पाणी वर चढून पुन्हा खाली वळते, तो पूर्ण उघडा असतानाही याच मापात पाच मीटर पाइपाएवढा अडथळा करतो. पूर्ण तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह जवळजवळ काहीच अडवत नाही. मुख्य लाइनीवर तोच बसवावा, आणि घेताना आतून भोक पाहावे, कारण बाहेरून सारखे दिसणारे काही बॉल व्हॉल्व्ह आतून अरुंद असतात. फिटिंग पाइपाच्या आत घुसते अशा जोडणीत पाण्याची वाट प्रत्येक सांध्यापाशी पाइपापेक्षाही लहान होते. तिथे पाइप एक माप मोठा घेतलेला बरा.

जाड पाइपाविरुद्धचा एक आक्षेप मात्र रास्त आहे आणि नेमका तोच या सल्ल्यात नाही. गरम पाण्याच्या लाइनीत आधी साठलेले गार पाणी बाहेर यावे लागते. पंधरा मीटर लांबीत १५ मिलिमीटरच्या पाइपात सुमारे २.७ लिटर असते, २५ मिलिमीटरच्या पाइपात ७.४. म्हणून मेन लाइनपासून घरात येणारा मुख्य पाइप २५, अनेक नळांना पाणी देणाऱ्या फांद्या २०, आणि एकेका नळाकडे जाणारे शेवटचे दोन-तीन मीटर १५, हे सगळे आतल्या व्यासाने, अशी मांडणी बहुतेक घरांना पुरते.

पाइप बदलण्याआधी दाब मोजणारे एक साधे गेज नळाला लावून पाहावे. सगळे बंद असताना दाब चांगला आणि दुसरा नळ उघडताच कोसळत असेल, तर दोष पाइपात, व्हॉल्व्हमध्ये किंवा गाळाने भरलेल्या जाळीत आहे. बंद असतानाच दाब नसेल, तर कितीही मोठा पाइप टाकून तो येणार नाही.

तेव्हा मोटर लागते, पण मेन लाइनवर थेट नाही. सल्ल्यातला हा सगळ्यात घातक भाग आहे. ओढणारी मोटर लाइनीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खाली आणू शकते, आणि मग जमिनीतल्या गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत खेचले जाते. ते एकट्या त्या घरात येत नाही, त्याच लाइनीवरच्या शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यातही जाते. मेनचे पाणी आधी फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप बंद होणारा) लावलेल्या टाकीत पडू द्यावे, व्हॉल्व्हचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहील असे ठेवावे, आणि मोटरने त्या टाकीतून पाणी ओढावे.