सोन्याचे कण आणि प्रकाशाची पोच : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपण नाशिकमध्ये सीटी आणि एमआरआयच्या यंत्रांवर रोज काम करता, म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडून प्रकाशाने प्रतिमा घेण्याच्या कल्पनेवरील आपल्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर देत आहे. आपले म्हणणे असे की, प्रकाश कातडीखाली जातच नाही, त्यामुळे प्रकाशाने प्रतिमा घेण्याच्या गप्पा फोल आहेत. शिवाय धातूचे कण एकदा शरीरात सोडले की ते बाहेर कसे काढायचे, याचे उत्तर कोणाकडेही नाही.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहावे. टॉर्चचा प्रकाश पांढरा असूनही बोट लाल दिसते, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते आणि लाल बऱ्याच अंशी पार होतो. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीच्या, म्हणजे लाल आणि त्यापलीकडच्या प्रकाशाच्या पट्ट्यात तर रक्त आणि पाणी दोन्हींचे शोषण कमी असते, आणि नेमक्या याच पट्ट्यासाठी सोन्याचे कण घडवले जातात. सराफ बाजारातले पिवळे सोने वीसेक नॅनोमीटरच्या गोल कणांच्या रूपात पाण्यात मिसळले की लालभडक दिसते, कारण ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषते. त्याच कणांना काडीचा आकार दिला, तर हे शोषण ८०० नॅनोमीटरपर्यंत सरकवता येते. फोटोअकॉस्टिक पद्धतीत लेसरच्या क्षणिक झोताने हे कण किंचित तापून प्रसरण पावतात आणि त्यातून उठलेला ध्वनी सोनोग्राफीप्रमाणे टिपला जातो. ऊतींमध्ये ध्वनी प्रकाशाइतका विखुरत नाही, म्हणून काही सेंटिमीटर खोलवरचेही दिसू शकते. अख्ख्या पोटाचे चित्र यातून मिळणार नाही. ते काम सीटीचेच. पण नेत्रतज्ज्ञांकडे होणारी डोळ्याच्या पडद्याची ओसीटी हीसुद्धा प्रकाशाचीच तपासणी आहे.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा मोठ्या कणांना सहसा वाट देत नाही, आणि ते यकृतात व प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात. सोने स्वतः निरुपद्रवी असले, तरी काड्या घडवताना लागणारे सीटॅब हे साबणासारखे रसायन पेशींना मारक ठरते. कॅडमियम या विषारी धातूचे क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाशात चमकणारे अतिसूक्ष्म कण, कितीही सुरेख चमकोत, ते रुग्णाच्या शिरेत सोडावेत असे मी म्हणणार नाही. शिवाय स्पर्धा आहे ती इंडोसायनीन ग्रीनशी : अमेरिकेत १९५९ पासून मान्यता असलेले हे रंगद्रव्य काही मिनिटांत रक्तातून यकृताकडे आणि तिथून पित्तात जाते.

तरीही ‘कोणाकडेही उत्तर नाही’ हे खरे नाही. कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेले, गाभ्यात रंगद्रव्य दडवलेले सिलिकाचे कण इतके लहान असतात की ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. त्यांच्या मानवी चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये परवानगी दिली. सोन्याच्या काड्यांपेक्षा माझा भरवसा या कणांवर अधिक आहे.