महिन्याचा आकडा आणि जिनिंगपुढची गाडी

डिसेंबरच्या सुरुवातीला देशाच्या औद्योगिक उत्पादनाचा ऑक्टोबर २०२५ चा आकडा आला. वाढ अवघी ०.४ टक्के. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी दोन तट पडले. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात कापसाची शेती करणारा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "पाय, मी सांगून रायलो होतो ना, सारं बसलं म्हणून." नागपुरात सिमेंटची एजन्सी चालवणारा पुतण्या म्हणाला, एका महिन्यावरून काय ठरतं काका, माझा माल तर रोज उचलला जातोय. महिना संपता संपता नोव्हेंबरचा आकडा आला, ६.७ टक्के, आणि पारडं फिरलं. आता पुतण्याला आकडे पटत होते आणि दादाला ते खोटे वाटत होते. मी मधे दोन शब्द लिहायला गेलो, तर दादाचा व्हॉइस मेसेज आला: "बाबू, तू तिकडं जर्मनीत बसून आहे. इथं जिनिंगपुढं माही कापसाची गाडी तीन दिवसांपासून उभी हाय. तुले काय समजते?"

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. महिनाभर डोक्यात घोळत होतं, ते आता लिहितो.

अकरा वर्षं झाली मी ब्रेमेनला राहतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करतो. हे महिन्याचे आकडे जिथून निघतात त्या साखळीची एक कडी माझ्या टेबलावर आहे. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याने दर महिन्याला सरकारी सांख्यिकी कार्यालयाला माहिती द्यायची, असा इथला कायदा आहे. कामावर माणसं किती, तास किती भरले, पगार किती वाटला, विक्री देशात किती, युरो चलनाच्या देशांत किती, त्याबाहेर किती, नव्या ऑर्डरी किती. हे रकाने भरताना कधी कधी मागच्या महिन्याचा आकडा चुकल्याचं लक्षात येतं, तोही कळवावा लागतो. अशा हजारो कारखान्यांची बेरीज वीसबावीस दिवसांनी बातमी होऊन माझ्याच फोनवर परत येते.

ती बेरीजही बदलते. मे २०२५ मध्ये जर्मनीचं उत्पादन आधीच्या महिन्यापेक्षा १.२ टक्क्यांनी वाढलं असं आधी जाहीर झालं. महिन्याभराने दुरुस्ती आली: वाढलं नाही, ०.१ टक्क्याने घटलं. मोटार कंपन्यांनी आपली माहिती सुधारून दिली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्पादन एकदम ४.३ टक्क्यांनी खाली आलं, मोटारींचं तर १८.५ टक्क्यांनी. कार्यालयाने आकड्यासोबतच कारण सांगितलं: कारखान्यांच्या वार्षिक सुट्ट्या आणि नव्या मॉडेलसाठी बदललेल्या उत्पादनाच्या ओळी. आमच्या जेवणाच्या टेबलावर यावर भांडण झालं, पण ते कारणांवर झालं. वीज महाग आहे म्हणून की चिनी गाड्या स्वस्त आहेत म्हणून, यावर माणसं तावातावाने बोलली. आकडा खोटा आहे असं कोणी म्हणालं नाही. मला गावाकडे हेच हवंय.

आता आपला ऑक्टोबर पाहू. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, पाडवा आणि भाऊबीजही नोव्हेंबरात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे सगळी दिवाळी एकाच महिन्यात. आपल्याकडे बातमीत जाणारा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढलेला असतो. कामाचे दिवस कमी भरले की ऑक्टोबर पडणार आणि त्याची भरपाई नोव्हेंबरात दिसणार. सणांमुळे कामाचे दिवस कमी होते, हे सांख्यिकी मंत्रालयाने सांगितलंही होतं. दोन्ही महिने एकत्र धरले तर सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. रडायला कारण नाही, नाचायलाही नाही. जर्मनीत ईस्टर असाच मागेपुढे सरकतो, पण तो परिणाम आधी वजा करतात आणि मगच आकडा लोकांपुढे ठेवतात. आपल्याकडेही सण वजा केलेला आकडा पहिल्या ओळीत यायला हवा. पंचांग आपल्याकडे काही कमी नाही.

पण दादाचा खरा प्रश्न पंचांगाचा नव्हताच. त्याची गाडी उभी का होती, हा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. मी ब्रेमेनमध्ये बसून पाहिलं तेव्हा मला त्यामागचा विचार कळला. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या शिलाई कारखान्यांचा अमेरिकेतला गिऱ्हाईक तुटत होता, तिथे लाखो बाया-माणसांची मजुरी अडकलेली होती, कच्चा माल स्वस्त मिळाला तर त्या टिकतील. हा हिशेब मी खोटा म्हणणार नाही. पण तारखा बघा. आमच्याकडे पहिला वेचा दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो आणि शेतकऱ्याचा बहुतेक कापूस ऑक्टोबर ते जानेवारीत घराबाहेर पडतो. सवलत नेमकी त्याच महिन्यांवर येऊन बसली. गिरणीला आधार द्यायचा तर त्याचा भार कापसाच्या पराटीवर कशासाठी? शुल्क काढायचंच होतं तर ती सवलत वेच्याआधी थांबवता आली असती, किंवा हमीभावाची केंद्रं त्याच प्रमाणात आधी उघडता आली असती. या निर्णयात घाई तिरुपूरसाठी झाली आणि वाट यवतमाळने पाहिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. त्यासाठी आधी ॲपवर नोंदणी, मग तारीख, मग केंद्रावरची रांग. दादाने व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने गाडीच्या मधल्या थरातून कापूस ओढला, मुठीत दाबला, मीटर खुपसलं. आकडा आला १४. नियम असा की ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ पर्यंत कापून भाव आणि त्यावर असेल तर परत. ऑक्टोबरअखेरच्या पावसात भिजलेला कापूस दादाने घरात ओसरीवर, पलंगाखाली, देवघरापुढे पसरून वाळवला होता. तरी १४. "गाडी बाजूला घ्या." दादा काही बोलला नाही. फोन त्याने उलटा करून खिशात घातला आणि मला नुसता अंधार दिसत राहिला, मागून ट्रॅक्टरचा आवाज.

तीन दिवस वाळवणीची वाट पाहून शेवटी त्याने तो माल गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला ६,८०० ने दिला. वेचणाऱ्या बायांची मजुरी थांबवता येत नाही.

ब्रेमेनच्या बाजारचौकाजवळून मी ट्राम पकडतो. तिथे कापूस बाजाराची जुनी दगडी इमारत आहे. ही संस्था १८७२ ची. त्याआधी १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस युरोपात यायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. खामगावला रेल्वेचा फाटा १८७० मध्ये आला, तो या कापसासाठीच. म्हणजे परदेशी व्यापाराचा आकडा दिल्लीत दर महिन्याला नव्याने निघत असेल, पण तो व्यापार आमच्या घरात पाच पिढ्यांपासून घुसतो आहे, आणि घुसताना कधी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. कारखान्यांच्या आकड्याआधी आपल्याकडे आठ मूलभूत उद्योगांचा आकडा येतो: कोळसा, कच्चं तेल, नैसर्गिक वायू, तेलशुद्धीकरण, खतं, पोलाद, सिमेंट, वीज. २०११-१२ च्या मालिकेत औद्योगिक निर्देशांकात यांचं वजन ४०.२७ टक्के. या यादीवर बोट ठेवत गेलो तर मला माझा परिसर दिसतो. वणीचा कोळसा. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र. कोरपना आणि मुकुटबनचं सिमेंट. गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज, ज्यापासून पोलाद होतं. देशाचा आकडा वर जातो तेव्हा त्यात आमच्या जमिनीखालचं बरंच काही असतं. आणि दादाचं शेत कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. रस्त्याकडच्या सहा-सात तासांची, म्हणजे ओळींची, बोंडं फुटली की पांढरी राहत नाहीत, त्यांच्यावर काळी धूळ बसते. वेचणाऱ्या बाया तो कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधतात, कारण तो चांगल्यात मिसळला तर सगळ्या गाडीची प्रत घसरते. ट्रकमधला कोळसा टनावर मोजला जातो, निर्देशांकात चढतो. त्या गाठोड्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुतण्याचंही खोटं नाही. त्याचं सिमेंट खरंच उचललं जातंय. समृद्धी महामार्गानंतर नागपूरच्या बाजूला बांधकाम थांबलेलं नाही. पण गावात घरकुलाचा हप्ता येतो आणि रेतीघाटाचा लिलाव झालेला नसतो, मिस्त्री बसून राहतो, सेंटरिंगची पोरं पुण्याची गाडी धरतात. एकाच घरातली दोन माणसं दोन खऱ्या गोष्टी सांगतात आणि देशाचा एक आकडा दोघांनाही पुरत नाही.

जर्मनीत सगळं सुरळीत आहे असं कोणी समजू नये. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. वर्षाला ४ लाख घरं बांधू म्हणणाऱ्या सरकारच्या काळात २०२४ मध्ये अडीच लाखांच्या आसपास घरं झाली. माझ्या खिडकीसमोर २०२२ साली इमारतीचा पाया खणला, व्याजदर चढले, क्रेन निघून गेली. त्या खड्ड्यात आता बदकं पोहतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनच्या पुलाचा एक भाग पहाटे नदीत कोसळला, नशीब की वर कोणी नव्हतं. आमच्या विभागातही २०२४ च्या हिवाळ्यात काम कमी पडलं. पण तेव्हा कोणाला काढलं नाही. निम्मे दिवस घरी बसवलं आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी बेकारी विम्यातून मिळाला. माझी दोन मुलं इथल्या शाळेत आहेत, मला ६७ मिळाले. ऑर्डरींचा आकडा घसरत होता तेव्हाच ही तयारी सुरू झाली होती. दादाच्या ओसरीवरचा भिजलेला कापूस आठवतो तेव्हा मला या ६७ टक्क्यांचं ओझं वाटतं.

आणि बेकारीचा आकडा इथे दर महिन्याला जिल्ह्याचा निघतो. ब्रेमेनपासून तासाभरावर ब्रेमरहाफेन बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर परदेशी जाणाऱ्या हजारो मोटारी ओळीने उभ्या असतात, निर्यात डोळ्यांना दिसते. त्याच गावात जहाजबांधणी बुडाल्यापासून बेकारी आमच्यापेक्षा कायम जास्त आहे. एकच राज्य, पण दोन्ही गावांचे आकडे वेगळे छापले जातात. म्हणून ब्रेमेनच्या बऱ्या आकड्याखाली ब्रेमरहाफेन झाकलं जात नाही.

माझी मागणी एवढीच आहे की यवतमाळचा महिन्याचा आकडा निघावा. माहिती नाही ही सबब चालणार नाही. बाजार समितीत रोजची आवक आणि भाव लिहिले जातात. जिनिंगची वीज महिन्याला मोजली जाते, गाठी मोजल्या जातात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, म्हणजे कोणत्या तालुक्यात किती माणसांना काम मिळालं याचा कागद आधीच तयार होतो. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची जिल्हा कार्यालयं आहेत, ती 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतात, पण वर्षातून एकदा. ते हाती पडेपर्यंत कापूस विकून, चुकारा घेऊन, कर्जही पुन्हा काढून झालेलं असतं. यातली चार-पाच पानं दर महिन्याच्या १५ तारखेला निघाली असती, तर ऑक्टोबरात वणीची आवक वाढते आहे, ओलावा जास्त आहे, भाव हमीभावाखाली गेला आहे, हे शुल्काची सवलत चालू ठेवणाऱ्यांच्या पुढ्यात आलं असतं. त्यांनी ऐकलं असतं की नाही, हा पुढचा झगडा. आज तो झगडा करायला आपल्या हातात कागदच नाही.

फेब्रुवारीत गावी येतोय. यवतमाळच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयात अर्ज द्यायचा आहे. दादाला सांगितलं तेव्हा तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "चाल, मीबी येतो." गेल्या तीन हंगामांच्या काट्याच्या पावत्या त्याने आईच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. तारीख, वजन, ओलावा, भाव, सगळं त्यांवर आहे. त्या तो बरोबर घेणार आहे.